एकच जागा, चार चित्रं: ठाणे-नवी मुंबईत बाहेर बसून जलरंग शिकताना

सुट्टीच्या दिवशी वही-रंग घेऊन बाहेर पडलेल्या नवख्या माणसाचा पहिला तास बहुधा जागा शोधण्यातच जातो. तलावपाळीला गर्दी असते, उपवनला ऊन डोक्यावर आलेलं असतं, खाडीवर जावं तर पाणी ओसरून नुसता चिखल दिसतो. मग चहा पिऊन घरी. हे टाळायचं तर घरापासून पायी पंधरा मिनिटांत गाठता येईल अशी एकच जागा धरा आणि ती निदान चार वेळा काढा. पहिल्या चित्रात आपण डोक्यात आधीच बसलेलं झाड, डोक्यातलं देऊळ, डोक्यातली होडी काढत असतो. दुसऱ्या वेळी तेच जरा नीट काढतो. तिसऱ्या खेपेला कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यातच नजर इकडेतिकडे फिरू लागते. देवळाच्या पायऱ्यांवर पडलेली सावली देवळापेक्षा चांगली आहे, हे तेव्हा कळतं. सुचणं इथून सुरू होतं. कोल्हापूरच्या अबालाल रहमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा, म्हणजे आपल्याच गावची तळी, आयुष्यभर रंगवली. ठाण्यात तर तळ्यांना तोटा नाही.

पिशवीत काय घ्यावं

सामान जितकं कमी तितकं बसणं लवकर होतं. एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली, मऊ पुटी रबर, ६ आणि १२ नंबरचे दोन गोल ब्रश, एक इंची फ्लॅट ब्रश, रंगांचा डबा, पाण्याचे दोन छोटे डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्यासाठी), जुन्या सुती साडीचा किंवा बनियनचा तुकडा, दोन बुलडॉग क्लिप, मास्किंग टेप आणि परीक्षेला नेतात तसलं पॅड. घडीचं स्टूल असलं तर उत्तम. टोपी हवीच. संध्याकाळी खाडीजवळ बसणार असाल तर डासांचं मलमही हवं, नाहीतर सहा वाजल्यानंतर हात चित्रापेक्षा पायाकडेच जास्त जातो.

ब्रशच्या बाबतीत नंबरापेक्षा टोक महत्त्वाचं, कारण एकाच नंबरचा ब्रश दोन कंपन्यांचा वेगवेगळ्या जाडीचा निघतो. दुकानदार हो म्हणाला तर ब्रश पाण्यात बुडवून, आतली खळ निघेपर्यंत हलवून एकदा झटकून पाहा. केस एकत्र येऊन एक टोक धरलं तर तो घ्या, दोन फाटे पडले तर ठेवून द्या. टोक धरणाऱ्या १२ नंबरच्या ब्रशने आकाशही होतं आणि विजेची तारही.

रंग आठ पुरे: लेमन यलो, गॅम्बोज, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, स्कार्लेट, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि प्रशियन ब्लू. डब्यात काळा आणि सॅप ग्रीन आलेच असतील, पण पहिले तीन महिने त्यांना हात लावू नका. काळ्याने सावली मेल्यासारखी दिसते. तयार हिरव्याने येऊरचा डोंगर आणि सोसायटीच्या कुंडीतलं झाड एकाच रंगाचं होतं. करडा रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बनवा. निळा जास्त घातला तर पावसाळी ढगाचा करडा मिळतो, तांबडा जास्त घातला तर ओल्या भिंतीचा. क्रिमसनच्या ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो. तिथे पीआर ८३ असेल तर तो रंग उजेडात उडतो, भिंतीवर लावायच्या चित्रात नको. पीव्ही १९ टिकतो.

ट्यूबमधला रंग पॅलेटच्या खणात भरून एक-दोन दिवस वाळू द्या आणि मग तोच डबा घेऊन फिरा. बाहेर बसून ट्यूबा उघडत बसलात की एक तरी झाकण गवतात जातंच. निघताना प्रत्येक खणावर पाण्याचे दोन थेंब टाकले की पोचेपर्यंत रंग मऊ होतो. बऱ्याच जणांच्या चित्रात सगळं फिकट राहतं याचं कारण हेच असतं: रंग कडक, ब्रश ओला, आणि कागदावर येतं ते रंगीत पाणी.

कागदावर पैसे खर्च करा

रंग विद्यार्थ्यांच्या प्रतीचे असले तरी चालतात, कागद मात्र चांगला हवा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पोताचा जलरंगाचा कागद घ्या. पूर्ण शीट २२ × ३० इंचांची येते. तिचे सारखे आठ तुकडे केले की सुमारे ७.५ × ११ इंचांचे कागद मिळतात आणि सुरुवातीला हाच आकार बरा. मोठ्या कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, संपेपर्यंत वरचा भाग वाळतो आणि मध्ये पट्टा पडतो. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीचा कार्ट्रिज कागद रेखाटनाला उत्तम, पण त्यावर दोन हात पाणी गेलं की तो फुगतो, रंग खड्ड्यांत साचतो आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

कागदावर खळीचा एक थर असतो. तोच पाणी पृष्ठभागावर धरून ठेवतो. खोडरबर जोरात घासलं की तिथला थर निघतो आणि वॉश दिला की नेमका तिथेच काळपट डाग उमटतो. म्हणून बाहेर बसल्यावर खोडाखोड कमी. चुकीची रेघ राहू द्या, शेजारी बरोबर रेघ काढा. जलरंगात पेन्सिलीच्या रेघा दिसल्या तर काही बिघडत नाही.

घरी एक आठवडा

बाहेर पडण्याआधी घरात दोन सराव करा. ४बी पेन्सिलीने पाच चौकोन काढा आणि कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत पाच छटा भरा. शेजारशेजारचे दोन चौकोन डोळे बारीक करून पाहिल्यावर एकच दिसत असतील, तर छटा चुकल्या. मग हीच पट्टी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात, फक्त पाणी कमी-जास्त करून करा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो हे इथेच हाताला कळेल. ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे.

दुसरा सराव सपाट वॉशचा. पॅडची वरची बाजू पाच-सहा सेंटिमीटर उचलून खाली पुस्तक ठेवा. दोन चहाचे चमचे पाण्यात रंग कालवून घ्या, आणि आधीच पुरेसा कालवा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. भरलेल्या ब्रशने वरून आडवा पट्टा ओढला की खालच्या कडेला रंगाची ओळ साचते. पुढचा पट्टा त्या ओळीला लागूनच ओढायचा, मागे वळून हात फिरवायचा नाही. शेवटी साचलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. असे दहा वॉश झाले की हात बसतो.

ऊन कुठून येतं

आपल्या भागाची ठेवण चित्र काढणाऱ्याच्या सोयीची आहे, फक्त ती ध्यानात ठेवावी लागते. ठाण्याला पश्चिमेकडे येऊरचा डोंगर आणि पूर्वेला खाडी. नवी मुंबईला उलट: पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकची रांग.

म्हणून उपवनच्या काठावरून येऊरकडे पाहून चित्र काढायचं तर सकाळी जा. तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून किंवा बाजूने येऊन डोंगराच्या अंगावर पडतं, घळी आणि कडे सुटे दिसतात. संध्याकाळी सूर्य त्याच डोंगरामागे जातो, तपशील सगळा पुसला जातो आणि उरते ती एक सपाट गडद आकृती. नवशिक्याला खरं तर ही संध्याकाळ सोपी, कारण आकाश, डोंगर आणि पाणी अशा तीनच छटांत चित्र होतं. वाशीच्या सागर विहारला संध्याकाळचं ऊन पाण्यावरून समोर येतं, तिथे चमकणारं पाणी म्हणजे कोरा कागद राखून ठेवणं. बेलापूर-नेरूळकडून पारसिकचा डोंगर काढायचा तर दुपारी चारनंतर त्याच्यावर ऊन येतं.

ऊन बरोबर पाठीमागे असेल तर सगळं सपाट दिसतं. बाजूने येणारं ऊन सर्वांत शिकवणारं, कारण प्रत्येक वस्तूला एक उजळ आणि एक काळोखी बाजू मिळते. आणि कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. पांढरा कागद उन्हात इतका झळाळतो की आपण रंग गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळंकुट्ट दिसतं. सावली मिळत नसेल तर पॅड असं वळवा की कागदावर तुमचीच सावली पडेल.

खाडीचं पाणी आणि तिथीचा हिशेब

तळ्याचं पाणी कुठे जात नाही. खाडीचं जातं. काल संध्याकाळी पाच वाजता जिथे होडी तरंगत होती तिथे आठवड्याने त्याच वेळी ती चिखलात कलंडलेली सापडते आणि अर्धं चित्र तसंच राहतं. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब इथेही उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणा, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. मुखापासून खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरा, आणि नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा.

चित्रासाठी याचा अर्थ असा: संध्याकाळच्या उन्हात भरलेलं पाणी हवं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा, चिखलाच्या चकाकत्या नागमोडी वाटा हव्या असतील तर पौर्णिमा-अमावस्येची संध्याकाळ. अर्धवट राहिलेलं चित्र त्याच जागी पुरं करायचं असेल तर पंधरवड्याने या, तेव्हा त्याच वेळेला जवळपास तेवढंच पाणी असतं.

फ्लेमिंगोंनाही हाच हिशेब लागू. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत ते ठाणे खाडीत असतात. चिखल उघडा असला की दूरवर पांगून चरतात. भरतीत चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, तेव्हा जवळून दिसतात. बांधावरूनच बघा, खाली उतरू नका. पक्षी उडतील आणि चिखल गुडघ्याच्या वर येतो. काढताना आधी अंग, म्हणजे तिरकं ठेवलेलं अंडं, मग मानेची एकच वळणदार रेघ, मग पाय. एका पक्ष्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका, पक्षी हलला की ते रेखाटन सोडून शेजारी दुसरं सुरू करा. थोड्या वेळाने पहिला पक्षी पुन्हा त्याच ढबीत येतो, मग तिथून पुढे. रंग देताना पक्षी गुलाबी रंगाने भरू नका. दूरचा थवा जवळजवळ पांढरा असतो. पातळ स्कार्लेटचा एक हात पुरतो, आणि गुलाबी खुलतो तो मागच्या करड्या-हिरव्या तिवरांमुळे.

बसल्यावर पहिली वीस मिनिटं

रंग उघडू नका. वहीत पाच बाय सात सेंटिमीटरचे तीन चौकोन काढा आणि समोरचंच दृश्य तीन तऱ्हांनी बसवून पाहा: एकात आकाश जास्त, एकात पाणी जास्त, एकात काहीतरी जवळचं, कठड्याचा खांब किंवा होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक. प्रत्येकात तीनच छटा. कोरा कागद, मधला करडा, पूर्ण गडद. डोळे अर्धे मिटून पाहिलं की बारीकसारीक गळून पडतं आणि तीन छटा आपोआप वेगळ्या होतात. ज्या चौकोनात गडद आणि कोरा एकमेकांना भिडलेत तो निवडा. चित्र तिथेच आहे. तीनही चौकोन मरगळलेले वाटले तर जागा बदलू नका, दहा पावलं सरकून पुन्हा बसा.

मग मोठ्या कागदावर सगळ्यात आधी डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ, फिकट. पाठोपाठ सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून ठेवा, कारण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि तुम्ही रंगाला लागेपर्यंत सावली दुसरीकडे गेलेली असते. एकदा आखलेली सावली मग बदलायची नाही, समोर कितीही सुंदर नवी सावली आली तरी.

कोळीवाड्यात बसणार असाल, बेलापूरजवळच्या दिवाळे गावात किंवा आणखी कुठे, तर आधी विचारा: "मावशी, इथे कडेला बसून चित्र काढलं तर चालेल का?" जाळी पसरलेल्या, मासळी वाळत घातलेल्या जागेत पाय टाकू नका. विचारून बसलेल्या माणसाला बसायला फळकूटही मिळतं आणि होडीचा कुठला भाग काय म्हणतात तेही ऐकायला मिळतं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलं, घरं छोट्या सामाईक अंगणांभोवती. मूळ घरांपैकी बरीच आता बदलली आहेत, पण अंगणांची रचना आणि मधल्या गल्ल्या रेखाटनाला अजूनही फार चांगल्या. ती लोकांची राहती घरं आहेत, अंगणात शिरण्याआधी तिथेही विचारावं.

रंगांचा क्रम

समजा मासुंदा तलाव काढताय: वर आकाश, मध्ये झाडं आणि इमारती, खाली पाणी, एक-दोन होड्या.

आधी आकाश, वरून खाली फिकं होत जाणारं, इमारतींच्या उजळ बाजू तेवढ्या सोडून. तोच पातळ वॉश थेट पाण्यातही उतरवा. आता हात आवरून थांबा. कागद ओला असताना त्याच्या चार अवस्था असतात आणि अर्धी कला त्या ओळखण्यात आहे. पाणी डबक्यासारखं चमकतंय तोवर काही करू नका. चमक जाऊन रेशमासारखी झिलई उरली की दाट रंग सोडा, कडा मऊ पसरतात: दूरची झाडं, ढगाचा तळ. झिलई गेली, पण हाताच्या पालथ्या बाजूला कागद गार लागतोय, ही सर्वांत धोक्याची वेळ, बिलकूल हात लावायचा नाही. गारवा गेला की कागद वाळला, आता कडक कडांची कामं.

वाळल्यावर मधली छटा: झाडांचे समूह, इमारतींच्या सावलीच्या बाजू, सगळं जोडून एकाच आकारात. पानं काढू नका, झाडाच्या कडेला ब्रश आडवा घासून चार-पाच ठिपके सुटे ठेवले की पानं दिसतात. हिरवा रंग जागेवर बनवा. उन्हातलं झाड गॅम्बोज आणि थोडा प्रशियन, सावलीतलं अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज, जून पानांसाठी त्यात बर्न्ट सिएना. पांढऱ्या भिंतीची सावली पातळ अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएनाने द्या, जमिनीकडे येताना तिच्यात यलो ऑकर सोडा, कारण खालच्या उन्हाचा उजेड भिंतीवर परततो.

प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली येतं, तिरकं पडते ती सावली. ही गल्लत फार होते. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद असतं आणि गडद वस्तूचं किंचित उजळ. पाणी हलत असेल तर प्रतिबिंब खालच्या बाजूला लांबत जातं आणि आडव्या फटींनी तुटतं. उभे फटकारे ओल्यात मारा आणि वाळल्यावर दोन-तीनच आडव्या रेघा द्या. सगळं पाणी लाटांच्या रेघांनी भरलं की ते पन्हाळी पत्र्यासारखं दिसतं.

सर्वांत शेवटी गडद: होडीच्या खालची फट, झाडाखालचा काळोख, माणसांची डोकी. चित्राच्या विसाव्या भागाहून जास्त गडद लागत नाही, पण तो पुरेसा गडद हवा. तासाभरात थांबा. दीड तासानंतर केलेलं बहुतेक काम चित्र बिघडवतं.

कुठे बिघडतं आणि का

सपाट वॉशमध्ये फुलकोबीसारखा डाग फुटला, तर अर्धवट वाळलेल्या कागदात तुम्ही त्याच्याहून जास्त ओला ब्रश लावलात. जास्त पाणी कमी पाण्याकडे धावतं आणि वाटेतला रंग कडेला लोटतं. ओल्यात रंग सोडताना ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा, म्हणून प्रत्येक वेळी तो फडक्याला टेकवायची सवय लावा. फूल पडलंच तर घासू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओल्या ब्रशने कड हलकेच मऊ करा.

रंग मळकट झाले, तर एकतर पाणी घाण झालंय किंवा मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेलेत. कडा सगळीकडे कडक आल्या, तर उन्हामुळे वॉश फार भराभर वाळतोय. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर हे होणारच. कागदाच्या मागल्या बाजूलाही ओला ब्रश फिरवून तो पॅडला चिकटवला तर दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात.

आणि चित्रात खोली नाही असं वाटलं तर मोबाइलवर समोरच्या दृश्याचा आणि चित्राचा काळा-पांढरा फोटो शेजारी ठेवून पाहा. नव्वद टक्के वेळा रंग ठीक असतात, गडद जागा कमी गडद राहिलेली असते.

प्लॅटफॉर्मवरचे खांब

ज्यांना यथार्थदर्शनाची (पर्स्पेक्टिव्हची) धास्ती वाटते त्यांनी रविवारी दुपारी प्लॅटफॉर्म तिकीट काढून वाशी किंवा बेलापूरसारख्या एखाद्या स्टेशनात बाकावर बसावं. लांबच लांब छत आणि समान अंतरावरचे खांब, यापेक्षा चांगली शाळा नाही. खांब दूर जाताना जवळजवळ येतात हे दिसतं, पण किती जवळ, इथे सगळे अडतात.

पहिला खांब उभा करा. त्याच्या डोक्यापासून आणि पायथ्यापासून, दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात त्या एका बिंदूकडे रेषा न्या, तो बिंदू तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरच असतो. खांबाच्या बरोबर मध्यावरून तिसरी रेषा त्याच बिंदूकडे. दुसरा खांब नजरेने अंदाजाने काढा. आता पहिल्या खांबाच्या डोक्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यावरून तिरकी रेषा ओढा. ती खालच्या रेषेला जिथे मिळते तिथे तिसरा खांब. दुसऱ्याच्या डोक्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून ओढली की चौथा. तीन-चार खांब असे काढले की पुढचे हात आपणहून घालतो.

माणसांसाठी एकच नियम पुरतो. तुम्ही उभे असाल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या जवळच्या-दूरच्या सगळ्यांची डोकी साधारण तुमच्या डोळ्यांच्या रेषेवर येतात, फक्त दूरच्यांचे पाय वर येत जातात. बाकावर बसलेले असाल तर तीच रेषा सगळ्यांच्या कमरेच्या थोडी वरून जाते.

सुचत नसेल तेव्हा

शाळेतलं स्मरणचित्र पुन्हा सुरू करा, लहानपणी त्याचा कंटाळा आला असला तरी. रस्त्यातली एखादी गोष्ट, चहाची टपरी, बंद दुकानाचं शटर, गच्चीवरच्या टाक्या, तीस सेकंद पाहा, पाठ फिरवा आणि काढा. मग वळून बघा काय राहिलं. जे दरवेळी राहतं ते तुम्ही पाहतच नाही. पुढच्या वेळी तिकडेच बघा.

दुसऱ्यांच्या चित्रांचे फोटो मोबाइलवर बघत बसण्याने मात्र काही सुचत नाही, असं ठाम मत आहे. तिथे सगळीच चित्रं एका आकाराची आणि झळझळीत दिसतात, कागदाचा पोत आणि पाण्याचं प्रमाण दिसतच नाही. त्यापेक्षा ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने सीएसएमटी गाठा आणि काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मूळ चित्रं पाहा. प्रवेश विनामूल्य असतो. जलरंगाचं चित्र एक फुटावरून बघा, कुठला भाग ओल्यात केलाय आणि कुठला वाळल्यावर ते शोधा. आवडलेल्या चित्राचा वहीत तीन छटांचा छोटा चौकोन काढा. चित्रकाराने गडद कुठे ठेवला ते त्या दोन मिनिटांत कळतं.

आपल्या चार चित्रांच्या मागे दरवेळी तारीख, वेळ, तिथी, ऊन कुठून होतं, कुठले रंग मिसळले आणि काय बिघडलं हे लिहून ठेवा. चारही चित्रं ओळीने मांडली की पाचवं काय काढायचं ते त्या मजकुरातच सापडतं.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की एरवी दहा मिनिटांत वाळणारा वॉश अर्धा तास घेतो. या दिवसांत वॉटरप्रूफ शाईचं पेन आणि एका रंगाचा वॉश एवढ्यावरच काम ठेवा, किंवा ओल्यात पसरणाऱ्या कडांचाच सराव करा. ढग, डोंगरावरचं धुकं यांना हाच कागद हवा असतो. खिडकीतून, जिन्यातल्या गवाक्षातून, स्टेशनच्या छताखालून काढा.

रंगांचा ओला डबा बंद करून ठेवला तर चार दिवसांत बुरशी धरते. रात्री तो पंख्याखाली उघडा ठेवा, सकाळी मिटा. बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या फडक्याने पुसून काढा. कोरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून दूर ठेवा. दमटपणाने कागदाची खळ मरते. असा कागद टीपकागदासारखा पाणी शोषतो, वॉशमध्ये पांढरे-काळे ठिपके उमटतात आणि काही केल्या जात नाहीत. म्हणून मे महिन्यात कागदाचा साठा करू नका, लागेल तशी दोन-तीन शीट आणा, आणि ठिपके उमटलेला कागद टाकून न देता पेन्सिल-पेनच्या रेखाटनाला वापरा.